सव्वादहा आणि अर्धं सूत

"वजन दोन्ही पायांवर ठेव," आण्णा म्हणाले. "बगळ्यागत उभं राहू नको."

मी वजन दोन्ही पायांवर ठेवलं. संध्याकाळची वेळ होती. मी नुकतीच पळून आले होते आणि पाय धुऊन दुकानाच्या फरशीवर उभी होते. दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीवरच्या खिळ्यांना अर्धवट शिवलेले शर्ट. आण्णा, माझे वडील, माझ्या पायाशी उकिडवे बसले. खराट्यातून त्यांनी एक सरळ हीर उपसून आणला होता. त्याचं एक टोक आधीच कात्रीनं छाटून घेतलं होतं. ते त्यांनी माझ्या डाव्या टाचेच्या मागच्या कडेला लावलं, अंगठा जिथं संपत होता तिथं नखानं खूण केली आणि दुसरं टोकही छाटलं. कात्री ते थोडी तिरकी चालवत, त्यामुळे दोन्ही टोकं तिरकी आणि स्वच्छ कापली गेली.

"टेप का नाही लावत?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"टेप पायाला लावत न्हाईत."

आण्णांची टेप दिवसभर त्यांच्या गळ्यात असायची. सकाळी दुकान उघडलं की ती कपाळाला लावून मग गळ्यात घालायचे. दसऱ्याला मशीन, कात्री आणि टेप यांची पूजा व्हायची. पँटची उंची घेतानासुद्धा टेपचं टोक घोट्यापाशी थांबायचं, जमिनीला टेकायचं नाही. गिऱ्हाइकाचा पाय मोठ्या माणसाचा असो की पाळण्यातल्या पोराचा, हा नियम मोडलेला मी पाहिला नव्हता.

आई आतून चहा घेऊन आली. हिराकडं बघून म्हणाली, "एवढी लांब काडी? पाय मोजला का खराटा?"

आण्णा हसले. मीही हसले.

हे सगळं बुटांसाठी चाललं होतं. मी लिंगेवाडीच्या हायस्कुलात दहावीला होते आणि तीन वर्षं अनवाणी पळत होते. आमच्याकडं ओढ्याची वाळू, शेताचे बांध आणि मुरमाचा रस्ता, एवढंच होतं. त्यावर बूट कुणीच घालत नव्हतं. पण त्या वर्षी सांगलीला मुलींसाठी क्रीडा वसतिगृह सुरू व्हायचं होतं. निवडीसाठी पाच किलोमीटरची शर्यत होती. पहिल्या सहा मुलींना राहण्याची सोय आणि शहरातल्या कॉलेजात अकरावीला प्रवेश. पत्रकात लिहिलं होतं : डांबरी रस्ता, पायात बूट सक्तीचे.

मला अकरावी सायन्स करायचं होतं. आमच्या गावात दहावीनंतर काही नव्हतं. सायन्स तालुक्याला होतं आणि तिथं जायला एकच एसटी होती, तीही शेंगांच्या दिवसांत वाटेतच भरायची. "रोज जायाचं पोरीच्या जातीला झेपायचं न्हाई," असं घरात एकदा बोलून झालं होतं. त्यावर पुन्हा बोलणं निघालं नाही. शर्यतीत पहिल्या सहात आले तर सायन्स, नाहीतर आण्णांच्या शेजारी बसून काजं आणि बटणं. मला काजं चांगली जमायची. त्याचीच भीती वाटायची.

"ही कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेव," हीर माझ्या हातात देत आण्णा म्हणाले. "उद्या सांगलीला अस्तर आणायला जायचं हाय. येताना बूट घिऊन येतो."

"मी येऊ?"

"तुझी प्रॅक्टिकल हाय न्हवं उद्या?"

होती. मी हीर घेऊन आत गेले.

इथं मला आधीच्या दिवाळीतली एक गोष्ट सांगायला हवी. आठवड्याच्या बाजारात आई मला चप्पल घ्यायला घेऊन गेली होती. चपलावाल्यानं सहा नंबर दिला, सात दिला, मग माझ्या पायाकडं नीट बघितलं आणि शेजारच्या भाजीवालीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मावशी, लेडीजमधी एवढं माप येत न्हाई. जेंट्समधी दावू का?" माझ्या वर्गातली शालन तिथं मिरच्या घेत उभी होती. सोमवारी शाळेत माझं नाव 'जेंट्स' पडलं होतं. मी उंच होते, आवाज जाड होता, त्यामुळे ते नाव मला बसलंही नीट. दिवाळीपासून मी जेंट्समधली आठ नंबरची काळी चप्पल घालत होते.

आता आण्णा सांगलीच्या दुकानात उभे राहून 'पोरीसाठी जेंट्सचे बूट द्या' म्हणणार, हे वाक्य मला कल्पनेतही ऐकवेना.

मी कंपासपेटीतली पट्टी काढली. आण्णांची चप्पल नऊ नंबरची होती, माझी आठ. दोन्ही एकाच घडणीच्या होत्या. दोन्हींचे तळ उलटे करून मोजले. फरक साडेआठ मिलिमीटर आला. म्हणजे एक नंबर कमी व्हायला साडेआठ मिलिमीटर पुरतात. अंदाज चुकायला नको म्हणून मी नऊ घेतले. हिरावर नवव्या मिलिमीटरला नखानं खूण केली आणि मोडला. कात्री आण्णांच्या टेबलावर होती आणि आण्णा तिथंच बसले होते, म्हणून मोडला. खराटा नवाच होता, हीर अजून ओला होता. तो नीट तुटला नाही. टोकाला चावलेल्या दातवणासारखी कुसळं निघाली. मी ती बोटानं दाबून बसवली, काडी कागदात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. तुटलेला तुकडा पुन्हा पट्टीला लावून बघितला. नऊ मिलिमीटर भरला. मग चुलीत टाकला.

मला त्यात फार मोठी चूक वाटली नाही. चप्पल एका नंबरानं लहान असली तर टाच थोडी मागं येते, बोटं थोडी पुढं येतात, आणि चालतं. बंद बूट मी तोवर पायात घातला नव्हता.

आण्णा दुसऱ्या दिवशी शेवटच्या गाडीनं आले. पांढरे बूट, बाजूला गुलाबी पट्टी, सात नंबर, लेडीज.

"दुकानदार ऐकतच न्हवता," आण्णा म्हणाले. "म्हणला काडीवर बूट द्यायचा न्हाई मी, पोरीला घिऊन या. म्हणलं, मी शिंपी हाय, माप मी घेतलंय. मग दिला. काडीच्या पुढं बोटभर जागा सोडून दिलाय, बग."

मी बूट घातले. पाय आत गेला. ती बोटभर जागा नेमकी माझ्या मोडलेल्या तुकड्यानं भरली होती. अंगठा पुढच्या कापडाला टेकत होता, पण दाबत नव्हता. मी दुकानातून आत गेले, आतून बाहेर आले.

"बसले?"

"बसले."

"नुसतं बसले न्हाई, शोभतात," आई म्हणाली.

उभं राहून बूट बसले होते. पळाल्यावर कळलं. पळताना पाय प्रत्येक पावलाला बुटात थोडा पुढं सरकतो. उतारावर जास्त सरकतो. आमच्या शाळेपासून ओढ्यापर्यंत सरळ उतार. पहिल्याच दिवशी परतताना दोन्ही अंगठे ठणकत होते. तिसऱ्या दिवशी डाव्या अंगठ्याचं नख निळं झालं. पाचव्या दिवशी काळं.

मुजावर सर आम्हाला भूगोल शिकवायचे आणि संध्याकाळी पळवायचे. त्यांच्याकडं एक जुनं स्टॉपवॉच होतं. ते त्यांनी मुठीत धरलं की आम्हाला रस्ता लांब वाटायचा.

"हेंद्रे, अनवाणी बावीस मिनिटं, बूट घालून चोवीस," ते म्हणाले. "बूट पळायला असतात की ओढायला?"

"नवीन आहेत सर. सैल होतील."

"सैल व्हायला ते काय सदरे आहेत? लागतात का कुठं?"

"नाही सर."

त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. बूट पांढरेशुभ्र होते, मी ते रोज पुसत होते. "पाऊल वाकडं टाकतेस तू," एवढं म्हणून ते दुसऱ्या मुलीकडं वळले.

मी बाहेरच्या कडेवर पाऊल टाकायला शिकले होते, म्हणजे अंगठ्यावर भार कमी येई. आईच्या नजरेत ते आलं नाही. मोजे मी स्वतः धूत होते. मात्र गुरुवारी संध्याकाळी शाळेतून आले तेव्हा आण्णा टेबलावर कापड आखत होते. त्यांनी मान वर केली आणि खडू हातात तसाच धरून माझ्याकडं बघत राहिले.

"जरा परत दारापतुर जाऊन ये."

मी गेले आणि आले.

"तुझ्या स्कर्टचा घेर डावीकडं खाली चाललाय."

"उसवला असेल."

"उसवला न्हाई. मी सरळ शिवलाय तो. तू वाकडी चालाय लागलीस." त्यांनी खडू ठेवला. "मोजं काढ."

मी स्टुलावर बसले आणि मोजे काढले. त्यांनी माझा डावा पाय टाचेखाली हात घालून उचलला, उजेडाकडं वळवला, नख बघितलं. मग उठून टेबलाच्या खणातून काडी काढली. शिंपी माप फेकत नाही. काम झालं तरी गिऱ्हाईक पुन्हा येतं.

"उभी राहा. वजन दोन्ही पायांवर."

त्यांनी काडी पायालगत लावली. टाचेला टोक जुळवलं. पुढचं टोक अंगठ्याच्या नखापाशीच संपलं. काळ्या नखाचा अर्धा भाग काडीच्या पुढं राहिला.

आण्णांनी पुन्हा लावून बघितली. मग उठले, काडी डोळ्यांजवळ नेऊन बोटांत फिरवली. आधी एक टोक, मग दुसरं. त्यांचा चष्मा मशीनवर होता, तो त्यांनी घातला नाही. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यावरून मला काहीच कळलं नाही. कपडा बिघडला तर ते असंच बघायचे, आधी धागा, मग शिवण, मग कापड.

"माझंच चुकलं कायतरी," ते म्हणाले. काडी त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात उभी खोचली. "शर्यत कवा हाय?"

"या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी. नऊ दिवस."

"उद्या शाळंत जाऊ नको. सांगलीला जाऊ."

आई स्वैपाकघराच्या दारात आली होती. "तुमच्या मापात चूक?" ती म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, तिला खरंच पटत नव्हतं. "मला बाई आजवर पोलकं दुरुस्त करायला लागलं न्हाई."

"हुतीया कवातरी," आण्णा म्हणाले.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी पाय धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही सांगलीत उतरलो. दुकान बाजारपेठेच्या एका बोळात होतं. आत खेळाचं सगळं सामान, आणि डाव्या भिंतीला फक्त बूट. मालकाचं नाव शहापुरे. पन्नाशीचा माणूस, पायात रबरी चपला, बोलताना सारखा समोरच्याच्या पायांकडं बघायचा. आण्णांना त्यानं लगेच ओळखलं.

"आला का? मी म्हणलो होतो की नाही? काडीला बूट बसतोय, पायाला बसत नाही." त्यानं माझ्याकडं बघितलं, म्हणजे माझ्या पायांकडं. "हीच का ती? ये बाळ, बस. मोजे काढ. अरे बापरे. हे नख आता जाणार बघ. घाबरू नको, नवं येतंय."

तो माझ्या पायाला हात लावायला कचरत नव्हता, आण्णांसारखाच, फक्त बडबड जास्त. त्यानं एका परातीत पाणी आणलं, मला पाय बुडवायला सांगितले आणि वर्तमानपत्राच्या कागदावर उभं केलं. मी बाजूला झाले तसे दोन ओले ठसे राहिले. पुढचा भाग रुंद, टाच लहान, मध्ये जोडणारी एक बारीक पट्टी.

"हे बघा," तो आण्णांना म्हणाला. "मध्ये कमान चांगली आहे. अख्खा ठसा उमटला असता तर पाय सपाट, त्याला आतून आधाराचा बूट लागतो. हिला नको. अनवाणी पळालेली पोरगी आहे, बोटं पसरलेली आहेत. हिला पुढून रुंद बूट पाहिजे आणि पुढं अंगठ्याएवढी जागा. उभं राहून, पायावर भार घेऊन, आणि ज्या मोज्यात पळायचं तोच मोजा घालून बघायचं. आणि यायचं ते संध्याकाळीच यायचं. सकाळी पाय लहान असतोय."

मी हे सगळं लक्ष देऊन ऐकत होते. भार असताना मोजायचं. वेळ ठरवून मोजायचं. दोन्ही बाजू मोजायच्या. शाळेच्या प्रयोगवहीत अशा अटी असायच्या, पण त्यामागं कुणाचं तरी नख असतं, हे मला पहिल्यांदा कळलं.

"ती काडी आहे का अजून?" शहापुऱ्यांनी विचारलं. "बघू. नेमकी चूक कुठं झाली ते तरी कळू दे."

आण्णांनी खिशातून काडी काढून दिली. शहापुऱ्यांनी ती ओल्या ठशालगत ठेवली आणि हसायला लागले.

"एवढा फरक? अहो, हे दुसऱ्याच पोरीचं माप आणलं होतं काय? कुणी मोजलं?"

"मीच."

"आणि म्हणता शिंपी आहे!"

"शिंपीच हाय," आण्णा म्हणाले. "छाटताना कात्री जास्त आत गेली."

"शर्ट शिवताना जात नाही ना? नाहीतर गिऱ्हाईक फिरायचं एका बाहीनं." शहापुरे मोठ्यानं हसले. दुकानातली आणखी दोन गिऱ्हाइकं हसली. आण्णाही त्यांच्याबरोबर हसले. एरवी बाहेर कुणी चेष्टा केली तर ते असे हसत नसत, मान खाली घालत.

काडी माझ्या समोर फरशीवर पडली होती. मी तिच्याकडं बघितलं. आदल्या संध्याकाळपर्यंत तिच्या एका टोकाला कुसळं होती, माझ्या हाताची. आता नव्हती. दोन्ही टोकं तिरकी होती. दोन्ही स्वच्छ छाटलेली होती.

मी आण्णांकडं बघितलं. ते शहापुऱ्यांकडं बघत होते.

"आण्णा," मी म्हणाले, "ती काडी..."

"तू बोलू नको. वजन दोन्ही पायांवर ठेव."

शहापुऱ्यांनी एक कोरा कागद माझ्या पायाखाली सरकवला. "आता नीट करू. टेप असेलच की तुमच्याकडं. तुम्हीच घ्या माप. तुमच्या हातचंच घेतो मी, पण काडी नको."

टेप आण्णांच्या गळ्यात होती. गाडीत, रस्त्यात, सगळीकडं ती गळ्यातच असे, त्यांच्या लक्षातही यायचं नाही. त्यांनी ती हातानं चाचपली. एक क्षण तशीच धरून ठेवली. मग काढली, फरशीवर एक गुडघा टेकला आणि टेपचं पितळी टोक माझ्या टाचेच्या मागं लावून ती पायालगत जमिनीवर सरळ पसरली. दुखऱ्या अंगठ्यापाशी आल्यावर त्यांनी नख न लावता बोटाचं पेर लावलं.

"सव्वादहा," ते म्हणाले, "आणि अर्धं सूत."

इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. आण्णांनी आयुष्यभर इंचात आणि सुतांत मोजलं. टेपची दुसरी कड माझ्या बाजूला होती. तिच्यावर मी वाचलं, सव्वीस पूर्णांक दोन सेंटिमीटर. उजवा पाय तीन मिलिमीटरनं लहान निघाला. "मोठा धरायचा," शहापुरे म्हणाले. नशिबानं आण्णांनी घरी डावाच मोजला होता.

आण्णांनी टेप गुंडाळली. सवयीनं कपाळाला लावली, गळ्यात घातली आणि उभे राहिले.

शहापुरे बुटांच्या भिंतीपाशी गेले. सात नंबरच्या खोक्यांवरून बोट फिरवत थांबले. पुढं लेडीजचा कप्पा संपत होता. ते वळले, आधी आण्णांकडं आणि मग माझ्याकडं बघून आवाज खाली आणत म्हणाले, "काय आहे, आठ पाहिजे. पण लेडीजमध्ये आमच्याकडं..."

"जेंट्समधला दाखवा," मी म्हणाले.

माझा आवाज जाड आहे. दुकानात सगळ्यांना ऐकू गेला.

"निळा आहे. काळी पट्टी."

"चालेल."

"पुढून रुंद असतोय तो, तुझ्या पायाला उलट चांगलाच. टाच मात्र ढिली पडेल."

"टाचेचं मी बगतो," आण्णा म्हणाले.

मी तो मोजे घालून घातला. दुकानाच्या बाहेर बोळात पन्नास पावलं पळून आले. पुढं अंगठ्याएवढी जागा होती आणि त्या जागेत माझा अंगठा मोकळा होता. टाच थोडी उचलली जात होती. घातलेले पांढरे बूट परत घ्यायला शहापुरे तयार नव्हते, आणि ते बरोबरच होतं. आण्णांनी त्या खेपेला अस्तर घेतलं नाही.

निघताना मी फरशीवरची काडी उचलली आणि भूमितीच्या वहीत घातली. आण्णांनी ते पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही.

परतीच्या एसटीत आण्णांनी एक बूट मांडीवर घेतला, टोपीच्या कडेला खोचलेली सुई काढली आणि टाचेच्या आतल्या बाजूला मऊ फलालिनीची दुहेरी पट्टी टाचायला सुरुवात केली. गाडी हलत होती, सुई हलत नव्हती. शेजारचा माणूस म्हणाला, "चांभारकी कवापासनं?" आण्णा म्हणाले, "आजपासनं."

मी खिडकीकडं तोंड करून बसले. विट्याच्या अलीकडं मी म्हणाले, "आण्णा, मला पायाची लाज वाटायची."

त्यांनी दोरा दातानं तोडला. "आता?"

"आता नख दुखतंय."

"ते जातंय," ते म्हणाले आणि दुसरा बूट घेतला.

सोमवारी मी निळे बूट घालून शाळेत गेले. शालननं ते पाहिले, तळावरचा आकडाही वाकून पाहिला. "जेंट्सचेच आहेत," मी तिला सांगितलं. मुजावर सरांनी त्या संध्याकाळी तेवीस मिनिटं दहा सेकंद मोजली. बुधवारी बावीस. शुक्रवारी त्यांनी मला पळू दिलं नाही.

शर्यतीत चव्वेचाळीस मुली होत्या. पहिला किलोमीटर मी मागं होते, कारण पांढऱ्या बुटांनी माझं पाऊल वाकडं केलं होतं आणि नऊ दिवसांत ते पूर्ण सरळ झालं नव्हतं. तिसऱ्या किलोमीटरला नदीच्या पुलाकडं उतार होता. उतार आला की माझे खांदे आपोआप आखडत, अंगठे आपटायची वाट बघत. अंगठे आपटले नाहीत. पुलावर मी अकरावी होते. शेवटच्या वळणावर सातवी. शेवटचे दोनशे मीटर मला आठवत नाहीत, फक्त एका मुलीची पाठ आठवते, तिच्या बनियनची शिवण उसवलेली होती. मी पाचवी आले. सहा जणी घेतल्या.

रेषेपलीकडं आण्णा उभे होते. त्यांनी आधी माझे बूट बघितले.

"टाच?" ते म्हणाले.

"हलली नाही."

मी सायन्स केलं. पुढं भौतिकशास्त्र केलं. गेली एकवीस वर्षं मी पुण्यात एका प्रयोगशाळेत मोजमापाची साधनं तपासते. लोक त्यांच्या पट्ट्या, वजनं, गेज आमच्याकडं पाठवतात आणि ती खरं सांगतात का, ते आम्ही लिहून देतो.

लिंगेवाडीत बुटांची गोष्ट राहिली. शहापुऱ्यांकडून ती कुणीतरी ऐकली, की आईनंच सांगितली, पण सगळ्यांना माहीत झाली. माप द्यायला आलेला माणूस हात वर करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "आण्णा, बाही नीट घ्या बरं का. पोरीच्या बुटागत नको." आण्णा हसायचे, टेप लावायचे आणि माप नेहमीसारखं बरोबर घ्यायचे. तीच टेप. हे मी सुट्टीला गेले की दर वेळी ऐकायचे. दोनदा मी मधे पडून खरं सांगायला गेले. दोन्ही वेळा आण्णांनी मला आतून काहीतरी आणायला पाठवलं. नंतर मी ते सोडून दिलं. डोळे अधू झाल्यावर त्यांनी मशीन बंद केलं. जुनं गिऱ्हाईक भेटायला आलं की अजून ती चेष्टा होते, नुसतीच, मापाशिवाय.

काडी माझ्याकडं आहे. मागच्या वर्षी आमच्याकडं लांबी मोजायचं नवं यंत्र आलं, मिलिमीटरचा हजारावा भाग दाखवणारं. जेवणाच्या सुट्टीत मी काडी त्यावर ठेवली. एवढ्या अचूकतेची काही गरज नव्हती. हीर वाळल्यावर लांबीला फारसा आखडत नाही, हे मी आधी ताज्या हिरांवर पाहून घेतलं होतं.

पाय दोनशे बासष्ट मिलिमीटर. काडी दोनशे एक्कावन्न. फरक अकरा.

त्यातले नऊ माझे. दोन आण्णांचे.